कामाजोगी, नोकरीजोगी

कारखान्याचा पट्टा पडायला आला, म्हणजे गळीत संपत आलं, की आमच्या कळंबच्या हवेला एक वास येतो. मळीचा आंबूस वास, जाळलेल्या पाचटाचा वास, आणि त्या दोन्हींच्या मधून हळूच शिरणारा कडुलिंबाच्या फुलोऱ्याचा. रस्त्यावरच्या उसाच्या गाड्या विरळ होतात. ऊसतोडीची माणसं राहायच्या पाचटाच्या कोप्या मोडून भांडीकुंडी बांधायला लागतात. आणि नेमक्या ह्याच दिवसांत तिकडं बारामतीच्या कॉलेजात कंपन्या येतात, पोरं बघायला. उसाचा हंगाम संपला की पोरांचा सुरू.

उद्या प्रतीक्षा येतेय. माझ्या लेकीची लेक. लेक इंदापूरला दिलेली. कॉलेजची तीन वर्षं प्रतीक्षा आमच्याकडं राहिली, कारण कळंबहून बारामती जवळ. दोन वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत तिची तिथं मुलाखत झाली आणि ती पुण्याला नोकरीला लागली. आता तिचीच कंपनी तिला त्याच कॉलेजात दुसऱ्यांच्या मुलाखती घ्यायला धाडतेय. फोनवर म्हणाली, "आबा, दुपारपतोर काम हाय, मग तुमच्याकडंच येते." मी म्हटलं, ये. फोन ठेवला आणि हे लिहायला ओसरीवर बसलो.

त्या मुलाखतीच्या दिवशी मी तिच्याशी खोटं बोललो होतो. ते बरोबर केलं की चूक, हे तिनं मला अजून नीट सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. माझी बायको शालन असती तर तिनं मध्ये पडून मिटवलं असतं. पण ते खोटं शालनपायीच होतं, आणि शालन आता नाही.

माझं शिक्षण चौथी. सगळी उमर कारखान्यात पॅनवर गेली. पॅन म्हणजे उसाचा पाक शिजवून साखर करायचं मोठं भांडं. पाकात दाणा कधी धरला, किती वाढू द्यायचा, पॅन कधी सोडायचा, हे पॅनवाल्यानं ठरवायचं. प्रयोगशाळेतले साहेब आकडे काढायचे. मी काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडाकडं धरायचो, मग अंगठ्या-बोटात चोळायचो. बहुतेकदा दोघांचं एकच निघायचं. नाही निघालं तर भांडण. नवा आलेला गडी टिकेल का, हेही मी असंच बघायचो. त्याला विचारायचो काही नाही. एक पाळी जवळ उभा करायचो. वाफेच्या उकाड्यात आठ तास काढले की माणूस आपोआप कळतो, तोंड न उघडता.

म्हणून कॉलेजनं पालकांची सभा बोलावून प्रतीक्षाच्या मार्कांचा कागद माझ्या हातात दिला, तेव्हा माझं डोकं फिरलं. विषयाचे मार्क नव्हतेच ते. वर इंग्रजीत एक लांबलचक शब्द होता. तिनं तीनदा म्हणून दाखवला, पण माझ्या जिभेवर बसेना.

"अर्थ काय त्याचा?"

"म्हंजी आबा, हिला नोकरी द्यावी अशी ही हाय का न्हाय, ते."

"नोकरीजोगी?"

"हां. नोकरीजोगी."

खाली ओळी होत्या. उभी कशी राहते, इंग्रजी कसं बोलते, चारचौघांत मत मांडते का, आत्मविश्वास किती. आत्मविश्वासाला दहापैकी तीन.

मी सभेत उभा राहिलो. पुण्याहून पोरांना तयार करायला एक म्याडम यायच्या, त्यांनाच विचारलं. "म्याडम, आमची म्हस डॉक्टरला लाथ घालती, इंजेक्शन मारू देत न्हाय. ही पोरगी तिच्या शिंगाला धरून उभी ऱ्हाती. हिला तीन कशापायी?"

सगळी सभा हसली. प्रतीक्षानं ओढणीत तोंड खुपसलं. म्याडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आबा, म्हशीपुढं ती दहापैकी दहा असेल. पण कंपनीवाले म्हैस घेऊन येत नाहीत. ते दहा मिनिटं देतात. आणि तुमची पोरगी दहाच्या दहा मिनिटं फरशीकडं बघते."

मी खाली बसलो. बाई खरं बोलली होती. घरी येताना एसटीत वाटलं, आपण तरी दुसरं काय करत होतो? एवढा मोठा पॅन, आणि काचेवरच्या एका थेंबावर ठरवायचो. फरक एवढाच, की थेंबाला आपण थेंब आहोत हे माहीत नसतं. पोराला माहीत असतं. म्हणून ते घाबरतं.

शालनला कागद दाखवला. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिनं तो हातात घेऊन पुढून-मागून बघितला. "कामाजोगी तर ती हायच," म्हणाली. "आता नोकरीजोगी करायची, एवढंच ना? पीठ मळलेलं हाय. थापायचं ऱ्हायलंय."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी चुलीपुढं शालन साहेब झाली. सातच्या एसटीच्या आधी अर्धा तास. परातीवर भाकरी थापत ती विचारायची, समोर प्रतीक्षा पाटावर ताठ बसायची.

"नाव सांग. वर बघ. माझ्याकडं बघ, चुलीत काय बघतीस? चुलीत नोकरी हाय व्हय?"

"प्रतीक्षा..."

"आवाज! म्हस गाभण हाय हे सांगताना कसा गल्लीभर आवाज असतो तुजा!"

कॉलेजातले प्रश्न प्रतीक्षा सांगायची, आणि शालन आपल्या मनाचेही घालायची. "साहेब तुज्यावर वरडला, आणि चूक तुजी न्हवती. मग?" "बरोबरची बाई तुजं काम आपलं म्हणून सांगती. मग?" प्रतीक्षा आधी हसायची, मग विचारात पडायची. एकदा म्हणाली, "आजी, तू म्याडमपेक्षा अवघड इचारतीस." शालन म्हणाली, "मी सासूच्या हाताखाली तेवीस वर्सं काढल्यात. तुज्या म्याडमची सासू लवकर गेली आसंल."

एक दिवस प्रतीक्षा म्हणाली, "आणि एक हमखास असतो. तुमचा वीकनेस काय?"

शालनचा हात भाकरीवर थांबला. "वीकनेस? सांगू नको बाई! अजिबात सांगू नको. आजारी पोरगी कोण घेतंय कामावर?"

आमच्याकडं वीकनेस म्हणजे अशक्तपणा. चक्कर आली, की माणूस डॉक्टरला सांगतो, लय वीकनेस आलाय, एक सलाईन लावा. प्रतीक्षा हसून हसून पाटावरून खाली आली. पण शालननं त्याच दिवशी शेंगदाणे भाजून गुळाचे लाडू वळले आणि रोज दोन तिच्या डब्यात घालायला सुरुवात केली. प्रतीक्षानं समजावलं, "आजी, तसला न्हाय. म्हंजी आपल्यात कमी काय हाय, ते."

"मग तेच की! आपल्यातली कमी परक्याला कशाला सांगायची? आणि त्यानं तरी का इचारावी? पोरगी बघायला आल्यात व्हय?"

मी म्हटलं, "तुलाबी बघायला आलो हुतो आमी. तू कुठं सांगितलंस?"

ती माझ्याकडं बघून हसली. लग्नानंतर महिन्याभरानं मला कळलं होतं, की हिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. विचारलं, आधी का नाही बोललीस? म्हणाली, "तुमी उजव्या अंगाला बसला हुता. सगळं ऐकू आलं. इचारलं कुठं तुमी?" त्यानंतर सगळा जन्म मी तिच्या उजव्या अंगालाच बसलो. आता ओसरीवर बसताना अजूनही डावीकडं जागा सोडून बसतो. सवय.

म्याडमनी पोरांना एक युक्ती शिकवली होती. वीकनेस असा सांगायचा, की ऐकणाऱ्याला तो गुण वाटावा. 'काम पुरं झाल्याशिवाय मला उठवत नाही,' असं काहीतरी. शालनला हे फार आवडलं. "हे बेस हाय," म्हणाली.

आता मागं बघतो तेव्हा दिसतं, की त्या हंगामात ती स्वतः तीच युक्ती रोज वापरत होती. चोळी सैल झाली, तर म्हणायची, नवा शिंपी ढगळ शिवतो. जेवण कमी झालं, तर म्हणायची, हलकं खाल्लं की अंग हलकं राहतं. भाकरी थापताना मध्येच चुलीला पाठ लावून बसायची, आणि म्हणायची, पोरीला उत्तराला वेळ द्यावा लागतो. मी तिच्या शेजारी, उजव्या अंगाला, हातभर अंतरावर बसायचो. जो माणूस काचेवरचा दाणा ओळखायचा, त्याला समोरचं माणूस वाळत चाललेलं दिसलं नाही. मला हे लिहिताना लाज वाटते. पण लिहितोय.

मुलाखतीच्या दिवशी प्रतीक्षानं मैत्रिणीची पँट आणि पांढरा शर्ट घातला. शालननं दारातून बघितलं. "कंडक्टर दिसतीस गं." हातावर दही-साखर ठेवली. एरवी ती रस्त्यापर्यंत यायची. त्या दिवशी चौकटीला धरून उभी राहिली. मला वाटलं, लाडानं.

प्रतीक्षानं मला बरोबर नेलं होतं. "आबा, तुमी काय बोलू नका. नुसतं भाईर बसा." मी कॉलेजच्या आवारात झाडाच्या पारावर बसलो. ती सकाळ मी विसरणार नाही. पोरं-पोरी झाडांखाली येरझारा घालत पुटपुटत होती. कान देऊन ऐकलं, तर प्रत्येक जण स्वतःचीच ओळख पाठ करत होता. मी अमुक, मी तमुक, माझे छंद. आपण कोण आहोत हे माणसाला पाठ करावं लागतं, हे मी पहिल्यांदा बघितलं. पणदरे गावच्या तीन पोरांत एकच टाय होता. एक आतून आला की दुसऱ्याच्या गळ्यात चढायचा. तिसऱ्यापर्यंत गाठ इतकी आवळली होती, की ते पोरगं तांबडंलाल होऊन आत गेलं. त्याचा आत्मविश्वास किती लिहिला असेल, देव जाणे.

आधी कॉम्प्युटरवर परीक्षा झाली. मग आठ-आठ जणांना गोल बसवून बोलायला लावलं. खिडकीतून आवाज येत होता. आठही एकदम बोलत होते, जसा काय कांद्याचा लिलाव. मला प्रतीक्षाचा आवाज ओळखू येईना. मग सगळे दमले, आणि एकच आवाज उरला. "तुझं राहिलं होतं ना? तू बोल आधी," असं ती कुणाला तरी म्हणत होती. मला बरं वाटलं. हे कुठल्या ओळीत बसतं, ठाऊक नाही.

दीडच्या सुमाराला माझा फोन वाजला. शेजारची मंदा. "आबा, मावशी गोठ्यात पडल्यात. उलटीत रगत हाय. आमी गाडी बोलावलीय, इंदापूरला नेतोय."

मी उठून उभा राहिलो. तेवढ्यात शालननं फोन मागून घेतला. आवाज बारीक, पण शब्द शालनचेच. "प्रतूचं झालं का?"

"आजून एक ऱ्हायलंय. मोठ्या साहेबाचं."

"मग गप बसा तितंच. तिला काय बोलू नका. माझ्या गळ्याची आण हाय तुमाला."

"अगं पर..."

"बोललासा, तर माझं मेलेलं तोंड बघशीला."

फोन बंद झाला. आणि त्याच वेळी प्रतीक्षा पाणी प्यायला बाहेर आली. तोंडावर असं तेज, जे मी कधी बघितलं नव्हतं. "आबा, शेवटच्या पाचात हाय मी!" मग थांबली. "तोंड आसं का झालंय तुमचं?"

मी आयुष्यात तोंडावर बोलत आलो. साहेबाला बोललो, सोयऱ्याला बोललो, त्यापायी माणसं तुटली. आणि त्या एका वेळी म्हटलं, "ऊन लागलंय. जा तू."

ती गेली. साडेचारला बाहेर आली. मी स्टँडवर गाडीत बसायच्या आधी सांगितलं.  गाडीत जागा होती तरी ती इंदापूरपर्यंत उभी राहिली, दांड्याला धरून, पाठ माझ्याकडं.

दहा दिवसांनी निवडीचं पत्र तिच्या फोनवर आलं. शालन तेव्हा इंदापूरच्या दवाखान्यातच होती. पोटात गाठ निघाली होती, आणि डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं होतं. तिनं पत्र दोनदा वाचून घेतलं, एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत. मग विचारलं, "वीकनेस इचारला का त्यांनी?"

"इचारला."

"मग काय सांगितलंस?"

"म्हणलं, मला बोलायला येळ लागतो. पण बोलले की फिरवत न्हाय."

शालननं डोळे मिटले. "म्याडमनी शिकवलेलं न्हाय हे," म्हणाली. पण खूश होती.

ज्येष्ठात शालन गेली. प्रतीक्षानं शेवटपर्यंत तिचं सगळं केलं, आणि मग नोकरीवर हजर झाली. जाताना पिशवी उचलून दारात थांबली. "आबा, तुमी मला सांगायला पायजे हुतं."

"तुज्या आजीनं आण घातली हुती."

ती पायऱ्या उतरून निघून गेली. त्यानंतर फोन येतात. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का. पण आधी ती माझ्याशी भांडायची, ते बंद झालं. भांडण बंद झालेलं घर मला माहीत आहे. ते सुधारलेलं नसतं.

वरचं सगळं काल लिहिलं. आज प्रतीक्षा आली.

उन्हं कलायच्या आत आली. गळ्यात कंपनीचं कार्ड, पायात बूट. चहा टाकला, दोन कप घेऊन ओसरीवर बसली. मी विचारलं, "कशी हुती पोरं?"

"पाठ करून आल्याली. सगळ्यांचा वीकनेस एकच, म्हणं काम पुरं झाल्याशिवाय उठवत न्हाय." हसली. मग कप खाली ठेवला. "एक पोरगी हुती. ती बोलत असताना तिचा फोन सारखा थरथरत हुता. माझ्याबरोबरचे सर म्हणाले, बंद कर. मी म्हणलं, उचल."

"कुणाचा हुता?" मी विचारलं.

"तिच्या आईला दवाखान्यात न्हेलं हुतं. पोरगी पांढरी पडली. मी म्हणलं, हे बघ, आत्ता गेलीस तर तुजी मुलाखत मी उद्या फोनवर घेते. थांबायचं आसंल तर थांब. तू ठरव. सर माझ्यावर चिडले. दोन मिनटं ती नुसती बसली."

"गेली?"

"न्हाय. भाऊ हाय आईजवळ, म्हणली. देते म्हणली. दिली. चांगली दिली, आबा." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. चुलीपुढं शालननं शिकवलेलं बघणं. "तवा मला कळलं, मीबी थांबलेच आसते. आजीनं सांगितलं आसतं तर थांबलेच आसते. पर मला कुणी इचारलंच न्हाय. तुमी दोघांनी मिळून मला तीन तास काय कळत न्हाय आशी केली. तितं आत मी साहेबाला सांगत हुते, माझे निर्णय मी घेते. आणि भाईर..."



दोन वर्षं मी मनात एक वाक्य तयार ठेवलं होतं. तुझ्या आजीची आण होती, मी काय करणार. खरं होतं ते. पण शालन गेल्यावर त्या आणेमागं मी एकटाच लपलो होतो. शालननं आण घातली, कारण तिला पोरगी नोकरीला लागायला हवी होती. मी ती पाळली, कारण पोरीच्या तोंडावरचं ते तेज मला घालवायचं नव्हतं. तिला ते सोसणार नाही, असं मी धरून चाललो. मार्कांच्या कागदावरून मी म्याडमला सभेत बोललो, आणि मी मनात लिहिलेला तिचा कागद तर त्याहून वाईट होता. त्यात मी तिला एकही मार्क दिला नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"आजीची आण?"

"आण तिची. चुकी माझी. तुला इचारायला पायजे हुतं."

 कारखान्याचा भोंगा झाला. पाळी सुटल्याचा. तिनं डोळे पुसले, बाहीनंच, कंपनीच्या शर्टाच्या. मग जुन्या आवाजात, गल्लीभर ऐकू जाईल अशा, म्हणाली, "हितनं पुढं सांगशीला?"

"सांगीन."

"सगळं?"

"सगळं."

"मग धोतर जरा वर घ्या. मघाधरनं बघतीय, पाय लपवून बसलाय. कवापासनं सुजलाय ह्यो?"

मी म्हणणार होतो, कालपासून.

"महिना झाला," म्हटलं.